लाखोळीचं पाणी

गिरणीत माझ्या पुढे एक मुलगी उभी होती. ज्वारीचा डबा गिरणीवाल्याच्या हातात देऊन तिने फोन तोंडाजवळ धरला आणि विचारलं, "भाकरी थापताना कडा फुटतात, काय करू?" फोन बोलला. आवाज बाईचा, गोड, पण कुठल्या गावचा ते ओळखू येऊ नये असा. तो म्हणाला, "भाकरी फुटत नाही, तुमचा धीर फुटतो. पीठ अजून मळा आणि तोवर तोंड बंद ठेवा."

मुलगी हसली. "भारी आहे," म्हणाली.

ते वाक्य माझं होतं. मी ते माझ्या स्वयंपाकघरात मेथी निवडताना सुनेला म्हटलं होतं. आता ते माझ्यापुढे हातभर अंतरावर दुसऱ्याच्या तोंडून निघालं आणि मी मागे पिशवी धरून उभी. तिला सांगावं असं मनात आलं. पण काय सांगणार? "अहो, हे मी बोलले"? तिने माझ्याकडे वेड्या म्हातारीकडे बघतात तसं बघितलं असतं. पाठीवरून काहीतरी गार सरकलं. गिरणीत पंखा नाही.

मी चौथीपर्यंत शिकलेली आहे. माहेर भंडाऱ्याकडचं, धानाच्या मुलखातलं. लग्न होऊन पुण्यात आले. नवरा कारखान्यात होता आणि मी कर्वेनगरात कॉलेजच्या मुलांची खानावळ चालवली, गुडघ्यांनी नकार देईपर्यंत. नवरा गेला. आता मुलगा आणि सून यांच्याबरोबर राहते. मुलाची शिफ्ट असते. तो घरी असला तरी झोपलेला असतो, म्हणून या हकिगतीत तो फारसा येणार नाही. सून आयटीत होती. कंपनीने माणसं कमी केली त्यात ती कमी झाली. मग तिने घरी बसून घरगुती स्वयंपाकाची वेबसाइट काढली. लोकांनी फोनवर काही विचारलं की उत्तरात आपलं पान वर दिसावं, लोकांनी ते उघडावं, शेजारी जाहिरात असावी, असा तो धंदा.

सुरुवातीची पानं मी तिच्या खांद्यावरून वाचली. "पालकाची भाजी ही पुण्यातील सोपी पालकाची भाजी आहे. पालकाची भाजी करण्यासाठी पालकाची भाजी निवडून घ्या."

"अगं, हे कुणासाठी लिहिलंयस?" मी विचारलं.

"सर्च इंजिनसाठी, आई. एकच शब्द पुन्हा पुन्हा आला की ते पान वर नेतं."

"त्याला भाजी खायची आहे का?"

"नाही हो. त्याला शब्द मोजता येतात."

मग एके दिवशी ती पानं बुडाली. रोज येणारी माणसं येईनाशी झाली. सून म्हणाली, अल्गोरिदम बदलला. म्हणजे काय, तर कुठलं पान वर आणि कुठलं खाली हे ठरवणारा नियम. तो कुणी पाहिलेला नाही. तो बदलला हे बदलून गेल्यावर कळतं आणि मग त्याला काय हवंय याचा लोक अंदाज बांधत बसतात. आमच्या घरात अंगात येणं, उतारे टाकणं वडिलांनी बौद्ध धर्म घेतला तेव्हाच बंद झालं. पण आमच्या गावात एका बाईच्या अंगात यायचं आणि ती आज नारळ मागेल की कोंबडी हे कुणाला सांगता यायचं नाही. मला तेच आठवलं. फरक एवढाच, ती बाई समोर दिसायची तरी.

"आता त्याला उपयोगाचं हवंय," सून म्हणाली. "ज्याने स्वतः केलंय अशा माणसाचं. अनुभवाचं."

"बरं मग?"

"मग तुम्ही बोला, आई. मी फोन ठेवते इथे."

असं सुरू झालं. मी भाजी निवडायची, फोन कट्ट्यावर पडलेला असायचा आणि मी बोलायची. खानावळीत मुलांना जे बोलत होते तेच. ती नंतर ते उतरवून काढायची. माझं बोलणं लोकांना आवडलं. शिव्या खायला लोकांना का आवडतं मला माहीत नाही, पण आवडतं. साइट वर आली. सून पुन्हा जेवायला लागली, झोपायला लागली. मलाही बरं वाटलं, उगीच नाही म्हणत नाही.

एक गोष्ट मात्र मला तेव्हापासून खटकत होती. लोक पान कुठपर्यंत वाचतात ते तिला दिसायचं. एक रेघ असायची, ती वर चालत यायची आणि एखाद्या ठिकाणी खाली पडायची.

"हे बघा, इथे लोक जातात," ती म्हणायची.

"कुठे जातात?"

"कुठेही. पान बंद करतात."

ज्या ठिकाणी लोक जायचे ते वाक्य ती कापायची. मी कुणी मेल्याचं, आजारी पडल्याचं, उपाशी राहिल्याचं सांगितलं की लोक तिथून जायचे. मग ती म्हणायची, "आई, कृतीचंच सांगा ना." माझं आयुष्य तिने असं सोलून ठेवलं. साल टाकून दिली, गर ठेवला. मी म्हटलं, असू दे, तिचा धंदा आहे.

लाखोळीचं पान त्यातलंच. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, लाखोळी ही आमच्याकडची डाळ. धान कापायच्या आधी ओल्या बांधीतच, म्हणजे भाताच्या खाचरातच, तिचं बी फेकतात. नांगर नाही, खत नाही, तरी येते. दिसायला तुरीसारखी. वडे छान होतात. पण ती रोज खायची डाळ नाही. कधीतरी खायची, दुसऱ्या डाळीत मिसळून खायची आणि त्याआधी गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून द्यायचं. माझा काका माझ्या लहानपणी एका दुष्काळात बरेच महिने नुसत्या लाखोळीवर जगला. घरात दुसरं काही नव्हतंच. त्याचे पाय गेले. गेले म्हणजे तुटले नाहीत. टाचा जमिनीला टेकेनात. चवड्यांवर, गुडघे एकमेकांवर घासत, काठी धरून चालायचा. तरणाताठा माणूस. मरेपर्यंत तसाच चालला.

हे सगळं मी फोनपुढे सांगितलं होतं. काकाच्या पायांशी रेघ पडली. सुनेने काका कापला. पान राहिलं लाखोळीच्या वड्यांचं.

त्यानंतर पुन्हा नियम बदलला. या वेळी साइट बुडाली नाही. त्याहून विचित्र झालं. पान वरच राहिलं, पण ते उघडायची लोकांना गरज राहिली नाही. विचारलं की सर्च इंजिन स्वतःच उत्तर द्यायला लागलं. उत्तर आमच्याच पानातून उचललेलं, माझ्याच शब्दांतलं. आमच्याकडे कुणी येत नव्हतं आणि माझी वाक्यं मात्र गावभर फिरत होती. गिरणीतली मुलगी तेव्हाची.

सून घाबरली. पानं कमी पडतायत, जास्त हवीत, रोज हवीत असं तिला वाटलं. माझा घसा रोज चालत नाही. मग तिने माझं सगळं रेकॉर्ड केलेलं बोलणं एका लिहिणाऱ्या मशीनला दिलं. मला विचारलं होतं. मी म्हटलं, कर काय करायचं ते. मशीन नवी पानं लिहायला लागलं, जुन्या पानांत भर घालायला लागलं, लोकांच्या प्रश्नांना माझ्या नावाने उत्तरं द्यायला लागलं. वर पानं वाचून दाखवणारा एक विकतचा आवाजही तिने बसवला. चारदोन पानं मी वाचली. माझ्यासारखंच होतं. खोचक, तुटक. फक्त ते सगळ्यांना "लेकरा" म्हणायचं. मी पोटच्या मुलाला कधी लेकरा म्हटलेलं नाही.

"हे लेकरा काय आहे?" मी विचारलं.

"लोकांना आवडतं, आई. आजी अशाच असतात."

"कुठल्या आजी?"

ती हसली. मी पण सोडून दिलं.

उन्हाळ्यातल्या एका दुपारी मुलगा आत घोरत होता, सून भाजी आणायला गेली होती आणि तिचा लॅपटॉप टेबलावर उघडा होता. मी लाखोळीचं पान काढलं. माहेरची आठवण वगैरे काही नाही, चष्मा नवा होता आणि काहीतरी वाचायचं होतं. वडे ठीक होते. खाली नवीन मजकूर होता.

"आता ऐक लेकरा. लाखोळी भिजवलेलं पाणी फेकू नकोस. सगळं सत्त्व त्यातच असतं. त्याच पाण्यात डाळ शिजव. माझी आई ते पाणी गाळून, गुळाचा खडा घालून, पितळी वाटीतून आम्हा भावंडांना प्यायला द्यायची. म्हणून आमची हाडं अजून भक्कम आहेत."

मी ते पुन्हा वाचलं. पाणी फेकू नका हे मी नेहमी सांगते. तांदळाचं, भाज्यांचं, मुगाचं. शंभरदा सांगितलंय. मशीनने तेच इथे लावलं होतं. मी बोलले असते अगदी तसंच, फक्त ते मी बोलले नव्हते. आणि वाचता वाचता मला ती वाटी दिसली. काठ चेपलेला, आईचा अंगठा आत बुडालेला. पाण्याचा पिवळट रंगसुद्धा दिसला. मी खुर्चीवर ताठ बसले. आमच्या घरात पितळेची वाटी नव्हतीच. होती का?

खाली लोकांचं लिहिलेलं होतं. त्यात एका बाईचं होतं, थंडीच्या दिवसांतलं. "आजी, आम्ही पण तुमच्याच भागातले, आता पुण्याजवळ मांजरीला असतो. सासऱ्यांना गावची आठवण येते म्हणून शेतातली लाखोळी आणली आहे. त्यांना रोज तेच लागतं, वरण आणि भाकरी दोन्ही त्याचंच. आम्ही आधी पाणी टाकायचो. तुमचं वाचल्यापासून त्यातच शिजवते. ते खूश आहेत."

त्याखाली मी उत्तर दिलं होतं. माझं नाव होतं तिथे. "शाब्बास लेकरा! सासऱ्यांची सेवा आणि वर सत्त्व. असंच चालू ठेव."

थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत तो माणूस रोज ती डाळ त्याच पाण्यासकट खात होता. मी सांगितलं म्हणून.

सून आली तेव्हा तिच्या हातातली पिशवी मी खाली ठेवू दिली नाही. "आधी हे वाच," म्हटलं. ती वाचत असताना मी तिला काकाचं पुन्हा सांगितलं. तिचा चेहरा उतरला.

"पण आई, तुम्ही पाणी फेकायचं असं म्हणाला होतात का? रेकॉर्डिंगमध्ये?"

"काकाच्या आधी म्हटलं होतं. तू काकाबरोबर तेही कापलंस."

ती बसली आणि पान बदलायला लागली. मी आत जाऊन धाकट्या भावाला फोन लावला. तो गावीच असतो. मला एवढंच विचारायचं होतं.

"माय लाखोळीचं पाणी काय करत होती रे?"

"काय करत होती म्हणजे? आपल्याले पाजत होती ना, बाई. गूळ टाकून."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"कशातून?"

"पितळीच्या वाटीतून. तुले आठवत नाही का? मले तर चव आठवते. नातू रोज वाचून दाखवते ना तुझं. वाचलं आन् सगळं डोळ्यापुढं आलं."

"आधी आठवत होतं की वाचल्यावर आठवलं?"

"आता ते कसं सांगू? आठवते म्हणजे आठवते."

"मग काकाच्या टाचा का टेकत नव्हत्या?"

तिकडे त्याने पंखा बंद केल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "माय ते पाणी पार उकिरड्यावर फेके. कोंबड्यांवर ओरडे, सरका म्हणून." आणि लगेच, लहान पोरासारखा, "पण वाटी होती ना बाई?"

"नव्हती," मी म्हटलं. मी खात्रीने म्हटलं, पण खात्री मला पाच मिनिटं आधी नव्हती. आईला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आता कुणीतरी येऊन तिच्या हातात वाटी देऊन गेलं होतं.

सुनेने पान दुरुस्त केलं. ठळक अक्षरांत लिहिलं, पाणी फेका, रोज खाऊ नका. मग मी तिला म्हटलं, आता फोनला विचार. तिने विचारलं, "लाखोळी भिजवलेल्या पाण्याचं काय करायचं?" गोड आवाज म्हणाला, "ते पाणी फेकू नकोस, सगळं सत्त्व त्यातच असतं."

"अगं, बदललंस ना?"

"पान बदललं, आई. पण वरचं उत्तर लगेच बदलत नाही. सर्च इंजिन परत येऊन पान वाचेल तेव्हा."

"कधी येणार ते?"

"सांगता येत नाही. ते आपलं आपण येतं. मी बोलावणं पाठवलंय, पण..."

"कळतं का आलेलं?"

"नंतर नोंद दिसते. येताना नाही दिसत."

त्या दिवसांत मी सकाळी चहा झाला की फोनला विचारायचे आणि दुपारी जेवणानंतर विचारायचे. ते न चिडता, न थकता, मला माझ्याच ढंगात खोटं सांगायचं. मी एकदा म्हटलं, "अगं भवाने, मी तेच तर बदललं." ते म्हणालं, "छान प्रश्न विचारलात." मी फोन डब्यामागे ठेवून दिला. घरात आम्ही तिघंच आणि तरी मी आवाज खाली करून बोलायला लागले होते, कट्ट्यावर फोन असो वा नसो.

मांजरीच्या बाईच्या मजकुराखाली मी स्वतः उत्तर लिहिलं. माझ्या बोटांनी, चुकत चुकत. "बाई, ती डाळ आजच्या आज बंद कर. वरचं उत्तर मी लिहिलेलं नाही. रोज खाल्ली तर पाय जातात. सासऱ्यांना डॉक्टरकडे ने."

दुसऱ्या दिवशी तिचं उत्तर आलं. "कोण आहात तुम्ही? आजी अशा बोलत नाहीत. त्या कधी घाबरवत नाहीत. कृपया त्यांच्या नावाने लिहू नका."

सून हसली आणि मग रडली. मी दोन्ही केलं नाही. साइटवर लिहिताना लोक ईमेल देतात, तसा त्या बाईचा होता. सुनेने तिला लिहिलं, माझा फोटो पाठवला, फोन नंबर पाठवला. तिने एकदाचा फोन केला. सुनेने तो माझ्या हातात दिला.

"हॅलो. आजी बोलताय?"

"हो, मीच. ऐक—"

"सॉरी, पण आजींचा आवाज मी रोज ऐकते. हा तो नाहीये."

"तो विकतचा आहे. माझा असाच आहे, फाटका."

"म्हणजे बघा, मी तुम्हाला खोटं म्हणत नाही. पण हल्ली काहीही फ्रॉड होतात. एक सांगा मला. आजींची आई त्यांना ते पाणी कशातून द्यायची?"

"कशातूनच नाही. फेकायची."

"नाही. पितळी वाटीतून." ती शिक्षिकेसारखी थांबली. "सॉरी हं. ज्या खऱ्या आजी आहेत त्यांना हे माहीत असतं."

माझ्या आईच्या परीक्षेत मी नापास झाले. फोन ठेवायची ती वेळ होती. ती ठेवणारच होती. मला तिला पटवायचं काही नव्हतं, मी कोण आहे त्याच्याशी कुणालाच काही घेणं नव्हतं. प्रश्न त्या माणसाच्या ताटाचा होता.

"बरं, मी खोटी," मी म्हटलं. "मी कुणीही नाही. एवढंच कर, सासरे घरात आहेत का?"

"आहेत. का?"

"त्यांना अनवाणी चालायला सांग. तुझ्याकडे येऊ दे. टाचा टेकतात का बघ."

फोन कुठेतरी टेकवल्याचा आवाज आला आणि ती दूर जाऊन म्हणाली, "बाबा, जरा इकडे या ना. चप्पल नको."

फरशी असावी. मी कानाला फोन घट्ट लावला. माणूस चालतो तेव्हा एका पावलाचे दोन आवाज असतात, आधी टाच, मग चवडा. लहानपणी ओसरीत झोपलेलं असताना बाहेरून काका जाई तेव्हा त्यातला एकच ऐकू यायचा, चवड्याचा, आणि मध्ये घासल्याचा. मी तो आवाज ऐकलेला नव्हता कितीतरी वर्षं. आता मांजरीच्या एका फ्लॅटमधून तो माझ्याकडे येत होता. ठप्. घसट. ठप्.

फोन पुन्हा उचलला गेला. तिचा श्वास मला ऐकू येत होता.

"पाय आखडल्यासारखे होतात म्हणत होते," ती म्हणाली. "आम्हाला वाटलं वय झालं. तुम्हाला कसं कळलं?"

"डॉक्टरकडे ने. काय खातात ते पहिलं सांग. आणि पोतं घरातून काढ."

"हो," ती म्हणाली. आजी वगैरे काही म्हणाली नाही.

डॉक्टरांनी पुढच्या डॉक्टरांकडे पाठवलं, त्यांनी तपासण्या केल्या. डाळ बंद झाली. ही डाळीचीच बाधा आहे, म्हणाले. वाढायची थांबेल, पण झालेलं परत येईल अशी आशा धरू नका. हे तिने सुनेला फोनवर सांगितलं आणि मग म्हणाली, बाबांना त्या आजींना भेटायचंय.

आम्ही गेलो. हडपसरच्या गाडीतळावर बस बदलली. मांजरीत उसाच्या फडाला लागूनच उंच इमारती उभ्या आहेत, खिडकीतून हात काढला तर ऊस तोडता येईल अशा. वारा सुटला की सगळा फड एकदम कुजबुजायला लागतो आणि माणूस मागे वळून बघतो. सून वाटेत म्हणाली, "आई, जरा सौम्य बोला हं." मी म्हटलं, बघते.

म्हातारा माझ्याहून लहान निघाला. दाराशी उभा होता, एक हात भिंतीवर. खाली न बघायचं मी ठरवलं होतं तरी खाली बघितलं. दोन्ही टाचा अधांतरी. अगदी थोड्या, एखादं पुस्तक सरकवता येईल एवढ्या.

"या," तो म्हणाला. "तुम्हीच काय त्या?"

"मीच. त्या म्हणजे कोण ते माहीत नाही."

तो हसला. त्याच्या सुनेने चहा केला. ती माझ्याशी नीट वागली, पण माझ्याकडे बघताना कुणीतरी दुसरं शोधत होती. मी बोलले की ती जराशी दचकायची. दोघी सुना स्वयंपाकघरात गेल्या. मोरीजवळ रिकामं पोतं घडी करून ठेवलेलं मला दिसलं.

"गावाकडची बाई सांगते असं वाटे," तो म्हणाला. "इथं आपल्या बोलीचं कोणी नाही. ते ऐकलं की जेवण जाये. सून बिचारी माझ्यासाठीच करे."

"तिला बोलू नका."

"नाही, नाही." त्याने गुडघ्यावर हात फिरवला. "मले एक सांगा, तुम्ही पाहिलेलं आहे म्हणता. तुमच्या काकाचं. माझे पाय पहिल्यासारखे होतील काय?"

स्वयंपाकघरातल्या कपबशांचा आवाज थांबला. दोघी सुना दारात आल्या होत्या.

"नाही," मी म्हटलं. "आहेत तेवढे राहतील. डाळ बंद ठेवलीत तर याहून जास्त जाणार नाहीत. काठी आताच घ्या, पडल्यावर नको. माझा काका खूप वर्षं जगला, शेतावर जायचा, भांडायचा, सगळं करायचा. पण टाचा टेकल्या नाहीत."

तो मान हलवत राहिला. चांगला माणूस होता, मला उलट काही बोलला नाही. मग त्याने खिशातून फोन काढला, तोंडाजवळ धरला आणि आम्हा सगळ्यांच्या देखत, मला विचारला तोच प्रश्न त्याला विचारला.

फोन क्षणभर थांबला. मग तो गोड आवाज म्हणाला, "घाबरू नकोस लेकरा. रोज थोडं चालत जा, तेलाने मालिश कर. माझा काकाही असाच होता. सहा महिन्यांत धावायला लागला."

माझ्या सुनेने स्वतःचा फोन काढून पान उघडलं. काका आता नव्याने लिहिलेल्या पानावर होता. तिने तो परत घातला होता, मी सांगितलं तसा, शब्द न् शब्द. तो कुठून उचलला गेला आणि वाटेत त्याचे पाय कुणी बरे केले ते ती मला आजवर सांगू शकलेली नाही.

म्हाताऱ्याने फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्याच्या सुनेने पुढे होऊन म्हटलं, "बाबा, या समोर बसल्यात ना." तो म्हणाला, "हो ना. ऐकलं मी." आणि फोन जपून, छातीच्या खिशात ठेवला.

डाळ त्या घरात पुन्हा शिजली नाही, एवढं मला माहीत आहे. त्याची सून तेवढी खमकी निघाली. आम्ही निघालो तेव्हा तो लिफ्टपर्यंत सोडायला आला, नको म्हटलं तरी. दार बंद होताना तो म्हणाला, "रोज चालतो मी. सकाळी फडापर्यंत." मग वळून घराकडे निघाला, मुद्दाम भराभर, आम्हाला दाखवायला.